टाच उचलण्याआधी

इचलकरंजीच्या ‘धोटा’ बँडची एक गंमत सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होती. त्यांचा ड्रमर इसाक मोमीन कार्यक्रम कितीही रंगात आला तरी लोकांकडे म्हणून बघत नसे. समोर हजारो माणसं नाचत असोत, शिट्ट्या मारत असोत, हा बहाद्दर मान खाली घालून बघणार कुठे, तर बेस गिटार वाजवणाऱ्या सुनेत्रा कोष्टीच्या उजव्या पायाच्या टाचेकडे.

बँडचा गायक रणधीर यावरून त्याची मंचावरच थट्टा करायचा. आमच्या ड्रमरचा सुनेत्राबाईंच्या सँडलवर डोळा आहे, कार्यक्रम संपला की तपासून घ्या, असं तो माइकवर सांगायचा आणि मैदान हसायचं. इसाकही हसायचा. सवय पडली, एवढंच म्हणायचा आणि पुन्हा मान खाली घालायचा. सुनेत्राला त्यात वावगं काही वाटत नसे. कुणी वाजवताना डोळे मिटतं, कुणी जीभ बाहेर काढतं. इसाकभाई टाच बघतात.

तशी ती टाच बघण्यासारखी होतीच. त्या टाचेखाली एक फिल्टर पेडल असायचं आणि ‘धोटा’ची सगळी जादू तिथे होती. बेसची जाड तार छेडली की एकच सूर निघतो असं ऐकणाऱ्याला वाटतं. प्रत्यक्षात खाली मुख्य खर्ज असतो आणि त्याच्या अंगावर चढत गेलेले कितीतरी बारीक स्वर असतात. फिल्टर म्हणजे या स्वरांची चाळणी. पेडल टाचेने दाबलं की चाळणीची भोकं बारीक होतात, नुसता खर्ज गळतो आणि आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा येतो. टाच उचलून पंजा दाबला की भोकं मोठी होतात, वरचे सगळे स्वर सुटतात आणि तोच सूर एकदम धारदार होऊन अंगावर येतो. गाण्याचं वळण आलं की सुनेत्रा टाच उचलायची, आवाज उघडायचा, त्याच क्षणी इसाकची काठी झांजेवर पडायची आणि लोक वेडे व्हायचे. सुनेत्राचे वडील म्हणायचे, आपल्या घराण्याने हातमागाच्या पावड्या दाबण्यात पिढ्या घालवल्या, पोरीच्या पायात दुसरं काय येणार. तक्रार करतायत की कौतुक, हे त्यांनी कधी कळू दिलं नाही.

मग केतकी फाटक मोजा घेऊन आली.

केतकी सुनेत्राची कॉलेजची मैत्रीण. सांगलीला कृत्रिम पाय बनवणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करायची. बोलताना वाक्य पुरं करण्याआधी पुढच्यावर उडी मारायची तिला खोड होती, आणि त्या दिवशी तर तिच्या तोंडून निम्मी वाक्यंसुद्धा बाहेर पडत नव्हती. सुनेत्राला खुर्चीत बसवून तिने तिच्या उजव्या पायात गुडघ्यापर्यंतचा एक राखाडी मोजा चढवला आणि कमरेला बोटभर रुंदीचा पट्टा बांधला. मग पाणी प्यायली आणि जरा दमाने सांगायला लागली.

पाय हलवायचं मनात आलं की मेंदूचा हुकूम मणक्यातून पोटरीपर्यंत जातो. तिथे स्नायूत विजेची बारीक लहर उठते. त्यानंतर स्नायू आखडतो, मग पाऊल हलतं, मग पेडल हलतं आणि सगळ्यात शेवटी आवाज बदलतो. पाय गमावलेल्या माणसाच्या मांडीत ही लहर उठतच असते, तिच्यावरून केतकीचे कृत्रिम पाय चालायचे. मोजा तीच लहर पकडणार होता आणि पेडल न हलवता थेट फिल्टरला सांगणार होता. पट्टा त्याही आधीचं पकडायचा. एक टाच उचलायची तर अंगाचा भार दुसऱ्या पायावर घ्यावा लागतो, नाहीतर माणूस कोलमडेल. ती जुळवाजुळव शरीर आपल्या नकळत आधीच करून ठेवतं. या दोन्हींवरून यंत्राला कळायचं की या बाईच्या मनात काय आहे.

“म्हणजे मी नुसतं ठरवायचं?” सुनेत्राने विचारलं.

“नुसतं ठरवायचं. पाय मात्र जमिनीला चिकटव. हलवलास तर माझी गणितं बिघडतात.”

सुनेत्राने तार छेडली. आवाज बंद होता, घुमा. तिने मनाशी ‘आता’ म्हटलं, आणि म्हणून होईपर्यंत आवाज उघडलासुद्धा. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिने पुन्हा वाजवलं. एका सुरात दोनदा उघडलं, तीनदा उघडलं, तारेवरचं बोट उचलता उचलता मिटवलं. पेडलवर जे करायला पावलाला वेळच पुरत नसे, ते सगळं आता होत होतं. बेस गिटार बोलायला लागली होती, अगदी शब्द फुटतील की काय असं वाटत होतं. दोघी मैत्रिणी दुपारभर त्या खोलीत वेड्यासारख्या हसत होत्या आणि जेवायचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

कोल्हापूरच्या खासबाग मैदानात पुढच्या महिन्यात ‘धोटा’चा कार्यक्रम ठरला होता. कुस्त्यांचं ते गोल मैदान, चारी बाजूंनी पायऱ्या, मधे लाल माती. त्या मातीवर मंच बांधून वाजवायचं, हे सुनेत्राचं शाळेपासूनचं स्वप्न होतं. मोजा तिथेच पहिल्यांदा लोकांपुढे आणायचा, हे तिने त्या दुपारीच ठरवून टाकलं.

तालमीला रणधीरने पहिला सूर ऐकला आणि त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. पण गाणं वळणावर आलं, आवाज उघडला आणि इसाकची झांज वाजलीच नाही. वाजली ती मागाहून, घाईघाईने. दुसऱ्या गाण्यात तो आधीच वाजवून बसला. तिसऱ्यात त्याने वळणावर झांजेला हातच लावला नाही, नुसता ठेका धरून राहिला. बारा वर्षांत त्याचा असा घोटाळा कुणी पाहिला नव्हता. रणधीरने आधी चेष्टा केली, मग आवाज चढवला. पुढचे सगळे दिवस हेच. केतकीने अगदी भाबडेपणाने सुचवलं की वळणावरच्या झांजा यंत्राकडून वाजवून घेता येतील, फिल्टरला जोडल्या की झालं. इसाकने तिच्याकडे पाहिलं, काठ्या पिशवीत घातल्या आणि चहा प्यायला म्हणून जो गेला तो परत आला नाही. संध्याकाळी त्याचा निरोप आला की खासबागेला दुसरा ड्रमर बघा, माझं आता वय झालं.

सुनेत्राला राग आला. वय झालं म्हणे. पन्नाशीसुद्धा न गाठलेला माणूस. नवीन यंत्र आलं, कौतुक दुसऱ्याचं झालं, ते बघवलं नाही, एवढाच त्याचा अर्थ तिने लावला. आणि राग जितका खरा होता तितकीच भीतीही खरी होती. त्याच्याशिवाय ती एकदाही लोकांसमोर उभी राहिलेली नव्हती. खासबागेत मागे दुसरंच कुणी बसलंय, ही कल्पनाच तिला करवत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती इसाकच्या भावाच्या कारखान्यात गेली. गावातले बहुतेक माग आता संगणकावर चालायचे, माणूस लांब बसून नुसता पडद्याकडे बघायचा. पण इसाकच्या भावाने आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याचे साधे माग मोडायला ठाम नकार दिला होता. दार उघडताच खटखटाटाने छाती हादरायला लागली. इसाक एका मागाशी वाकून तुटलेला धागा जोडत होता.

तिथे बोलण्याची एक रीत असते आणि ती इचलकरंजीच्या पोरांना वेगळी शिकवावी लागत नाही. आवाज काढायचा नाही, काढून उपयोगही नसतो. समोर उभं राहायचं आणि ओठ सावकाश, मोठे हलवायचे. सुनेत्राने इसाकच्या समोर जाऊन ओठांनीच त्याला झापायला सुरुवात केली. पोरकटपणा करता, बारा वर्षांचं नातं एका मोज्यापायी मोडता, रागावला असाल तर तोंडावर सांगा. इसाकने एकेका वाक्याला तसंच उत्तर दिलं. रागावलेलो न्हाई. मोजा चांगला हाय. तू सोन्यासारखी वाजवतीस, उगं माझ्यापायी मागं राहू नको. त्या गदारोळात त्याचा एकही शब्द चुकत नव्हता, तिचाही एकही निसटत नव्हता.

तेवढ्यात वीज गेली. माग एकेक करत थांबले आणि इतकी शांतता पसरली की कान दुखले. सुनेत्राला रडू येत होतं. ते दिसू नये म्हणून ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली आणि बाहेरच्या लिंबाच्या झाडाकडे बघत म्हणाली, “इसाकभाई, मोजा गेला खड्ड्यात. तुम्ही नसाल तर मला खासबागेत वाजवायचंच नाही.”

मागून काहीच उत्तर आलं नाही. थोडी वाट पाहून ती वळली. इसाक हातात धागा धरून तिच्या पाठीकडे बघत उभा होता. तिचा चेहरा दिसल्यावर त्याने विचारलं, “काय म्हणालीस का?”

त्या क्षणी तिला सगळं कळलं. खटखटाटात याला सगळं कळत होतं आणि शांततेत काहीच कळलं नव्हतं.

इसाकलाही कळलं की तिला कळलंय. तो मागाच्या कडेला बसला आणि पहिल्यांदाच आपल्या कानांबद्दल बोलला. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो या आवाजात उभा होता. अशा कानाचे वरचे, बारीक स्वर आधी जातात, खालचे टिकतात, असं डॉक्टरने सांगितलं होतं. ढोल त्याला ऐकू येई, बेसचा खर्ज छातीत जाणवे, समोरच्याचे ओठ दिसले की बोलणं भागून जाई. फिल्टर उघडल्यावर मात्र जे स्वर सुटतात, नेमके तेच त्याच्यापुरते गेलेले होते.

“तुझा आवाज उघडतो तो मला ऐकूच येत न्हाई गं,” तो म्हणाला. “टाच उचलली की मला कळायचं. आता तू पायच हलवत न्हाईस.”

सुनेत्रा रडली. बारा वर्षं हा माणूस जे वळण ऐकू येत नाही ते तिच्या पायावरून वाचत होता आणि तिने ते सवय म्हणून सोडून दिलं होतं, याची तिला लाज वाटली. इसाक तिला समजावत राहिला. बँडमधे कुणाला सांगू नको, रणधीर कनवाळू झाला तर मला सोसणार नाही, थट्टा करतो तेच बरं, असं त्याने बजावलं. मोजा टाकून देते असं ती म्हणाली तेव्हा मात्र तो चिडला. रणधीरचं उघडं राहिलेलं तोंड त्याने बघितलं होतं. असा आवाज माझ्यापायी बंद केलास तर पुन्हा तोंड दाखवू नको, म्हणाला. शेवटी, फक्त केतकीला सांगायची परवानगी तिने त्याच्याकडून कशीबशी काढून घेतली.

केतकीने सगळं ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

मोजा घातल्यापासून एक विचित्र खूण तिला छळत होती. फिल्टर उघडण्याचा हुकूम सुटायच्या जरासा आधी सुनेत्राच्या पायात आणखी एक छोटी लहर उठायची. तिचा आवाजाशी काही संबंध नव्हता. कधी तिच्यामागून हुकूम यायचा, कधी यायचाच नाही. यंत्राचा दोष समजून केतकी ती लहर कचऱ्यासारखी गाळून फेकून देत होती. गंमत अशी की सुनेत्रा एकटी वाजवायची तेव्हा ती लहर नसायची. ती फक्त तालमीत यायची. केतकीने तालमीच्या हॉलमधल्या वायरींनासुद्धा शिव्या घालून झाल्या होत्या.

“कसली लहर आहे ती?” सुनेत्राने विचारलं.

“टाच उचलायची. पेडलला लागते त्याच्या आधी, आणि जास्त. तू त्यांना खूण करत होतीस, सुनेत्रा. तुला माहीत नव्हतं, तुझ्या पायाला माहीत होतं. मी पाय हलवू नको म्हटलं म्हणून टाच थांबली, पण पाय अजून सांगतोच आहे.”

सुनेत्रा स्वतःच्या पायाकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत आपण काहीच ओळखलं नाही म्हणून ती स्वतःला दोष देत होती, आणि हा पाय मुकाट्याने ओळखून बसला होता. तिला आनंदाने पुन्हा रडू फुटलं. केतकी मात्र तोवर उठून खोलीभर फेऱ्या मारायला लागली होती. फेकलेला कचरा परत आणायचा, एवढंच तर काम होतं.

काम झालं ते असं. इसाकच्या स्टुलाच्या गादीखाली केतकीने एक चपटी तबकडी बसवली. सुनेत्राच्या पायात ती छोटी लहर उठली की तबकडी गादीला एक हलकी थाप द्यायची. इसाक पहिल्यांदा बसला आणि दचकून उठला. आजवर लोक तोंडावर बोलायचे, आता बुडाला पण ऐकू यायला लागलं, म्हणाला. पण दुसऱ्याच गाण्यात वळण आलं आणि त्याची झांज आवाजाच्या नेमकी मांडीला मांडी लावून पडली. रणधीर गाता गाता मागे वळून बघायला लागला. चहा काय प्यायलास रे, असं त्याने विचारलं, तेव्हा तिघेही एकमेकांकडे न बघता हसले.

एक अडचण मात्र राहिली. जिथे आवाज उघडलाच नाही अशा ठिकाणीसुद्धा इसाकची झांज अधूनमधून पडायची. केतकीने उलगडा केला. ती लहर हुकमाच्या आधीची होती. सुनेत्राने उघडायचं मनात आणलं आणि मग रद्द केलं, तरी लहर निघून गेलेली असायची. हुकूम सुटत नाही म्हणून फिल्टर गप्प राहतो, पण इसाकला कळून चुकतं. केतकीचं म्हणणं होतं की अशा फुकट गेलेल्या लहरी ओळखून गाळता येतील, दोन दिवसांचं काम आहे.

इसाक सुनेत्राकडे बघत होता. “किती वेळा ठरवतीस आन् किती वेळा माघार घेतीस गं तू?” त्याने हळूच विचारलं. “मला वाटायचं तू लई धीट हाईस.”

सुनेत्राचे कान तापले. हे तर तिने आईलासुद्धा कधी कळू दिलं नव्हतं. शेवटच्या गाण्यात सगळे थांबतात आणि तिचा एकटीचा सूर राहतो. तिथे आवाज हळूहळू, अगदी पूर्ण उघडत न्यायचा आणि तसाच धरून ठेवायचा, असं दर कार्यक्रमात तिच्या मनात यायचं. दर वेळी तिला वाटायचं की चुकलं तर हजारो लोकांत उघडी पडेन, आणि ती सूर मिटवून टाकायची. आता हे कुणाला तरी थाप मारून कळत होतं. तिने केतकीला त्या लहरी गाळून टाक म्हणून सांगितलं. इसाक म्हणाला, असू दे. कुठली खरी आन् कुठली भ्यायलेली, ते माझं मी शिकतो. आणि तो खरंच शिकला. खासबागेच्या आदल्या तालमीत त्याची एकही झांज वाया गेली नाही.

खासबाग त्या संध्याकाळी काठोकाठ भरलं होतं. विनाचालक टेंपो स्पीकर उतरवून दुपारीच निघून गेले होते. लाल मातीचा वास मंचापर्यंत येत होता. पहिल्या गाण्यात बेसचा आवाज उघडला आणि पायऱ्यांवरची माणसं अशी उसळली की रणधीरला आपली ओळ विसरायला झालं. सुनेत्राला वाटलं, हेच ते, हेच हवं होतं. तिच्या मनात यायचा अवकाश, आवाज तिथे पोचलेला असायचा. मागे इसाक खाली मान घालून तिच्या टाचेकडेच बघत होता, गरज नसली तरी जुन्या सवयीने, आणि त्याची झांज एकदाही चुकली नाही.

शेवटचं गाणं आलं. सगळे थांबले. तिचा एकटीचा खर्ज त्या गोल मैदानात फिरायला लागला. माणसं गप्प झाली. आता, असं तिच्या मनात आलं. आणि लगेच नेहमीची भीती आली. इतकी माणसं. चुकलं तर. नको, मिटवूया. तिने सूर सोडून द्यायला बोट सैल केलं.

मागून झांज वाजली.

चुकून नाही. पूर्ण हाताने, खणखणीत, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी. ही थाप भ्यायलेली आहे, हे इसाकला पक्कं कळलं होतं, आणि तरी त्याने वाजवली होती. मैदान आता पुढे काय होतंय याची वाट बघत होतं. माघारीला जागाच उरली नव्हती. सुनेत्राने बोट पुन्हा आवळलं आणि आवाज उघडला. खर्जातून एकेक स्वर वर सुटत गेला, आणखी वर, आजवर ती कधीच गेली नव्हती तिथवर, आणि तिने तो तसाच धरून ठेवला. पायऱ्यांवरून एक आरोळी उठली आणि गोल फिरून परत मंचावर आली. तिची भीती कुठल्या कुठे पळाली. इतका आनंद आपल्याला झेपेल की नाही, एवढीच काळजी तिला वाटत होती.

तिने वळून इसाककडे बघितलं. तो तिच्या टाचेकडे बघत नव्हता. त्याने मान वर केली होती. दोन्ही हात चालू होते, थाप आली की झांज पडत होती, आणि डोळे मात्र समोरच्या पायऱ्यांवरून फिरत होते, पार वरच्या शेवटच्या रांगेपर्यंत. तो सगळ्या गलक्यात, कारखान्यातल्यासारखे सावकाश, मोठे ओठ हलवून तिला काहीतरी म्हणाला. तिने ते सहज वाचलं.

“केवढी माणसं आल्यात गं.”

सुनेत्राला हसू आवरेना. तिनेही आवाज न काढता ओठांनीच उत्तर दिलं.

“दर वेळी येतात, इसाकभाई.”

आणि पुढचं वळण आलं तेव्हा, केतकीने कितीही बजावलेलं असलं तरी, तिची टाच आपोआप उचलली गेली.